निंबळक ते निपाणी : गावावरून पडलेल्या आडनावांची वाटचाल

निंबाळकर हे आडनाव फलटणजवळच्या निंबळक या गावावरून पडले. घराण्याच्या परंपरेप्रमाणे हे लोक मूळचे धारकडचे परमार, म्हणजे मराठी उच्चारात पवार. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची एक शाखा दक्षिणेत उतरली आणि निंबळकला स्थिरावली. गाव आणि आडनाव यांतला फरक उच्चाराच्या सोयीने पडला असावा, कारण 'निंबळककर' म्हणताना दोन 'क' एकमेकांत अडकतात. 'नाईक' ही पदवी परंपरेनुसार दिल्लीच्या तुघलकांच्या काळात मिळाली आणि ती आडनावाच्या पुढे कायमची बसली. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हा पवारांचे निंबाळकर कसे झाले हे त्याने नोंदवले आणि राहत्या गावावरून नाव बदलण्याची रीत मराठ्यांत सर्रास आहे असेही म्हटले.

निंबळकहून घराण्याची गादी फलटणला गेली आणि तिथेच ती मोठी झाली. भोसल्यांशी त्यांचे नाते तीन पिढ्यांचे होते. मालोजी भोसल्यांच्या पत्नी दीपाबाई फलटणच्या, शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाईही फलटणच्या, आणि महाराजांची कन्या सखूबाई बजाजी निंबाळकरांच्या मुलाला, महादजीला दिलेली. घराण्याच्या इतर शाखा पुढे करमाळ्याला आणि खर्ड्याला गेल्या; करमाळ्याच्या रावरंभा निंबाळकराने निजामाच्या चाकरीत नाव काढले. यांपैकी कोणीही निंबळकला राहत नव्हते, तरी आडनाव मात्र निंबळकचेच राहिले. गाव सुटले की गावाचे नाव माणसाला चिकटते, हा या आडनावांचा पहिला नियम. निंबळकमध्ये राहणाऱ्याला निंबाळकर म्हणण्याचे कारण नसते, कारण तिथे सगळेच निंबळकचे. ती ओळख दुसऱ्या गावच्या वेशीत शिरल्यावर कामाला येते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस निपाणीत याच नियमाचा दुसरा फेरा दिसतो. तिथला सत्ताधीश सिद्धोजीराव. त्याचे पूर्ण नाव लिहायचे तर सरलष्कर सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर देसाई, निपाणकर. एवढ्या लांब नावात इतिहासाचे थर एकावर एक रचलेले आहेत. निंबाळकर हा पाचशे वर्षांपूर्वीच्या गावाचा थर. देसाई हा परगण्याच्या वतनाचा. सरलष्कर हा पेशवाईतल्या लष्करी मानाचा. निपाणकर हा सर्वांत ताजा, सिद्धोजीरावाच्या स्वतःच्या सत्तेमुळे पडलेला. समकालीन कागदांत त्याला बहुतेक वेळा 'आप्पा देसाई निपाणकर' असेच म्हटलेले आढळते. निंबाळकर हा शब्द गाळला तरी कोणाचा घोटाळा होत नसे.

या आप्पा देसायाची ओळख इंग्रजांनाही लवकरच झाली. १८०३ च्या मार्चमध्ये आर्थर वेलस्ली हरिहरहून फौज घेऊन पुण्याकडे निघाला. होळकराने पुण्यातून घालवलेल्या दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवण्याची ती मोहीम होती. वाटेत दक्षिणेतले जे मराठा सरदार त्याला मिळाले, त्यांत बापू गोखले होते, पटवर्धन होते आणि निपाणीचा देसाईही होता. वेलस्लीच्या पत्रांत त्याचे नाव 'आप्पा देसाई' असेच पुन्हा पुन्हा येते. पुढे चिकोडी आणि मनोळी या तालुक्यांवरून त्याचे कोल्हापूरशी दीर्घ वैर चालले. त्या वैराच्या कागदांत एका बाजूला 'निपाणकर' आणि दुसऱ्या बाजूला 'करवीरकर' अशी नावे आहेत. इथे '-कर' म्हणजे त्या गावचा रहिवासी नव्हे, त्या गावचा धनी. करवीरकर म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती. पेशवाई बुडाल्यावरही सिद्धोजीरावाकडे जहागीर राहिली. १८३९ साली तो वारला, पाठोपाठ त्याची जहागीर इंग्रजांनी खालसा केली आणि १८४१ मध्ये निपाणीच्या किल्ल्यात बंडाळी झाली. सत्ता संपली तरी निपाणकर आणि निपाणीकर ही दोन्ही रूपे आडनाव म्हणून टिकली. त्यांतल्या प्रत्येकाचे देसायांशी नाते असेल असे मात्र मुळीच समजू नये. एखादा निपाणकर निपाणीतून तंबाखूच्या व्यापारासाठी बाहेर पडलेल्याचा नातू असू शकतो, एखादा तिथून दुसरीकडे नोकरीला गेलेल्याचा.

धनीपणाची '-कर' नावे या भागात विशेष दाट आहेत, आणि त्याचे कारण साधे आहे. कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा आणि घटप्रभा यांच्या खोऱ्यांत लहान लहान जहागिरी शेजारी शेजारी होत्या, आणि पुष्कळदा त्या एकाच घराण्याच्या होत्या. घोरपडे एकच, पण मुधोळकर घोरपडे वेगळे, कापशीकर वेगळे, गजेंद्रगडकर वेगळे, सोंडूरकर वेगळे. पटवर्धनांचेही तसेच: सांगलीकर, मिरजकर, जमखंडीकर, कुरुंदवाडकर. भाऊबंद वाढले, वाटण्या झाल्या, की मूळ आडनाव अपुरे पडे आणि गाव पुढे येई. इचलकरंजीच्या घोरपड्यांची गोष्ट याच्या उलट दिशेने गेली. ते मूळचे जोशी, ब्राह्मण. नारो महादेव याने सेनापती संताजी घोरपडे याच्यावरच्या निष्ठेपोटी धन्याचेच आडनाव घेतले. त्यामुळे त्या घराण्यात घोरपडे हे आडनाव निष्ठेचे आहे आणि इचलकरंजीकर हे ठिकाणाचे. जोशी मागे पडले.

सरदारांचे इतके तपशील मिळतात याचे श्रेय त्यांच्या दप्तरांना. साध्या माणसाच्या आडनावाचा माग काढायला बेळगावच्या परिसरातली गावेच पाहावी लागतात. अनगोळचा अनगोळकर, सांबऱ्याचा सांबरेकर, मुतग्याचा मुतगेकर, हलग्याचा हलगेकर, किणयेचा किणेकर, येळ्ळूरचा येळ्ळूरकर, कडोलीचा कडोलकर, जांबोटीचा जांबोटकर, बेळगुंदीचा बेळगुंदकर. 'आ'ने संपणाऱ्या गावाच्या नावात 'आ'च्या जागी 'ए' येतो, शेवटचा 'ई' बहुधा गळतो, म्हणून निपाणीचा निपाणकर. पण हुक्केरीकर आणि चिकोडीकर यांत तो तग धरून आहे. नियम व्याकरणाचा असला तरी अंतिम शब्द कानाचा असतो. यांतली कितीतरी गावांची नावे कानडी वळणाची आहेत आणि प्रत्यय मराठी, आणि ही आडनावे लावणाऱ्यांना त्यात काही विशेष वाटत नाही.

कानडीत गावाचे नाव प्रत्ययाशिवायही आडनाव होते. धारवाडजवळच्या मनसूरचे मल्लिकार्जुन मनसूर, हानगलच्या घराण्यातल्या गंगूबाई हानगल. मराठी रसिकांनी या दोघांवर अपार प्रेम केले, पण कोणी त्यांना मनसूरकर किंवा हानगलकर करून टाकले नाही. कारवारच्या दक्षिणेला ही पद्धत आणखी ठळक होते. चित्रापूर सारस्वतांत कैकिणी, कार्नाड, कल्याणपूर, पदुकोण ही सगळी मूळची गावे आहेत. गिरीश कार्नाड यांचा जन्म माथेरानचा, तरी आडनावात मुलकीजवळचे कार्नाड राहिलेच. गोव्याकडून घाट चढून बेळगाव आणि खानापूरकडे आलेल्या सारस्वतांनी मात्र '-कर' सोडला नाही. लोटलीचे लोटलीकर, केरीचे केरकर, कुंकळ्ळीचे कुंकळ्ळीकर. सारस्वतांचे दोन प्रवाह, एक कानडी मुलखात वाढलेला आणि एक मराठीच्या सावलीतला. आडनावाच्या शेपटावरून त्यांच्या वाटा वेगळ्या करता येतात.

गावावरून आडनाव पडण्याची रीत फक्त इथलीच नाही. स्पेनमध्ये तोलेदो, मेदिना, सोरिया, आविला ही शहरेही आहेत आणि आडनावेही. सुरुवातीला नावामागे 'दे' हा संबंध दाखवणारा शब्द असे आणि पुष्कळ घराण्यांत तो काळाच्या ओघात गळाला. तिथेही तोलेदोत राहणाऱ्याला तोलेदो म्हणत नसत. तो दक्षिणेकडे अंदालुसियात किंवा पुढे अमेरिकेत गेला की म्हणत. मात्र त्याच स्पेनने एक जागा अशी निर्माण केली की जिथे हा नियम मोडतो. १८४९ साली फिलिपिन्सचा गव्हर्नर क्लावेरिया याने हुकूम काढला आणि आडनावांची छापील यादी गावोगाव पाठवली, कर आणि खानेसुमारी यांच्या सोयीसाठी. यादीतली अनेक नावे स्पेनच्या गावांची होती. त्यामुळे फिलिपिन्समधल्या अशा आडनावाच्या घराण्यातल्या कोणी ते स्पेनमधले गाव कधी पाहिलेच असेल असे नाही. बेळगाव-निपाणीत असा हुकूम कोणी काढला नाही. तिथे धनीपणाची नावे सोडली तर '-कर'च्या मागे बहुधा खरेखुरे स्थलांतर असते, मग ते दोन कोसांचे का असेना.

आडनाव पक्के होण्याचे काम इथे कागदांनी केले. आधीच्या काळात एकच माणूस गावात पाटील, परगण्याच्या कागदात वतनाच्या नावाने आणि परगावी '-कर' असा तीन ठिकाणी तीन नावांनी राहू शके. इंग्रजी अमलात महसुली उतारे आले, पलटणीच्या याद्या आल्या, शाळेचे पट आले, आणि या तिघांपैकी एक निवडण्याची पाळी आली. मराठीतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण शाळेच्या पटाचेच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावच्या सकपाळांच्या घराण्यातला मुलगा ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला आणि गावावरून आलेल्या आंबडवेकर या नावाचे पुढे आंबेडकर झाले. याच आंबेडकरांनी १९२५ साली निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेच्या व्यासपीठावरून भाषण केले. सकपाळ या कुळनावापेक्षा गावाचे नाव जातीच्या खुणेपासून थोडे दूर नेते, हे '-कर'च्या लोकप्रियतेचे एक कारण आहे आणि ते फारसे बोलले जात नाही.

बेळगाव आणि आसपासच्या लेखकांची आडनावे पाहिली तर स्थलांतराचे पदर चांगले उलगडतात. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांचा जन्म १८४३ सालचा, जांबोटीचा. आडनाव मात्र खानापूर तालुक्यातल्याच गुंजीचे. ते पुढे मुंबईला गेले, 'विविधज्ञानविस्तार'च्या संपादनाशी जोडले गेले आणि 'मोचनगड' ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी त्यांनी लिहिली. त्यांचेच 'सरस्वतीमंडळ' हे पुस्तक १८८४ चे. त्यात मराठी मुलखातल्या ब्राह्मण जातींच्या मूळ स्थानांचा आणि भेदांचा शोध आहे. ज्याचे स्वतःचे आडनाव गावावरून पडलेले, त्यानेच जातींच्या मुळांची छाननी करायला बसावे, यात काही आश्चर्य नाही.

काकासाहेब कालेलकरांच्या आडनावातले काळेली हे गाव सावंतवाडीकडचे. जन्म साताऱ्याचा, १८८५ चा. बालपणाचा काही काळ बेळगाव भागात गेला आणि तरुणपणी बेळगावच्या गणेश विद्यालयात त्यांनी शिकवले. पण साहित्यिक म्हणून ते गुजरातीचे झाले. सावंतवाडीकडच्या एका लहान गावाचे नाव गुजराती वाङ्मयाच्या इतिहासात जाऊन बसले. विष्णू गोविंद विजापूरकर हे आणखी एक. राजाराम कॉलेजातले प्राध्यापक, समर्थ विद्यालयाचे संस्थापक आणि 'विश्ववृत्त'चे संपादक. त्यांची कर्मभूमी कोल्हापूर आणि आडनाव विजापूरचे. संतांच्या बाबतीत '-कर' आडनाव न राहता जवळजवळ पदवी होते. दड्डी येथे १८५५ साली जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कुलकर्णी बेळगावात शिक्षक होते. भक्तांनी त्यांना पंत महाराज बाळेकुंद्रीकर म्हटले, आणि आज बाळेकुंद्रीच्या उत्सवाला जाणाऱ्या किती जणांना 'कुलकर्णी' आठवते हा प्रश्नच आहे.

गवयांचीही तीच कथा. बाळकृष्णबुवांचा जन्म इचलकरंजीजवळच्या गावातला. इचलकरंजीच्या दरबारामुळे ते इचलकरंजीकर झाले. त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर यांचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावामुळे पलुसकर. जन्म मात्र कुरुंदवाडचा. गोव्याच्या मंगेशीला जन्मलेल्या दीनानाथांच्या घराण्यात अभिषेकी हे पौरोहित्याचे नाव होते. त्यांनी गावावरून मंगेशकर घेतले, ते विसाव्या शतकात. कलावंताला फलकावर लिहायला असे गावाचे नाव बरे पडते, कारण गाडगीळ किंवा कुलकर्णी गावोगाव सापडतात.

पण या मुलखात गाव आणि आडनाव यांचा व्यवहार सर्वांत लांबवर नेला तो किर्लोस्करांनी. त्यांचे मूळ गाव सिंधुदुर्गातले किर्लोशी. कुटुंब घाटावर आले आणि मलप्रभेकाठच्या गुर्लहोसूर या कानडी गावात राहिले. तिथे बळवंत पांडुरंग म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्कर ३१ मार्च १८४३ रोजी जन्मले. गुंजीकरांच्या आणि त्यांच्या जन्मात थोड्याच दिवसांचे अंतर आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' झाले आणि किर्लोस्कर हे आडनाव एका नाटक मंडळीचे नाव म्हणून घरोघरी गेले. त्याच गुर्लहोसूरला १८६९ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. त्यांनी भाऊ रामूअण्णांसह १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगराचा कारखाना घातला. नगरपालिकेला वसाहतीसाठी ती जागा हवी झाली तेव्हा कारखाना बेळगावातून हलवावा लागला. १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळ माळरान दिले. तिथे जी वस्ती उभी राहिली तिचे नाव किर्लोस्करवाडी, आणि पुढे रेल्वे स्थानकालाही तेच नाव मिळाले. किर्लोशीने आडनाव दिले होते, आडनावाने नवे गाव दिले. आता कोणी त्या वाडीतून बाहेर पडले आणि गावावरून ओळख सांगू लागले, तर व्याकरण त्यांना 'किर्लोस्करवाडीकर' करील. तशी वेळ अजून आलेली दिसत नाही. १९२० पासून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले आणि आडनाव मराठी वाचकाच्या टेबलावरही आले.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाच्या वादात आडनावे पुराव्यासारखी पुढे केली जातात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका मात्र कोल्हापूर जिल्ह्यात आला. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने निपाणी, खानापूर आणि नंदगड यांच्यासह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत आणि २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत असे सुचवले. बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवले. त्यावर झालेल्या शेकडो सभांत आणि लेखांत '-कर' आडनाव म्हणजे मराठी माणूस असे गृहीत धरले गेले. हा पुरावा कच्चा आहे. हुक्केरीकर हे कानडी घरातही चालते. धारवाडचे कर्नाटक एकीकरणाचे पुढारी रामराव हुक्केरीकर याचे ठळक उदाहरण. उलट मराठीच बोलणारे पाटील, देसाई आणि कुलकर्णी या पट्ट्यात गावोगाव आहेत. '-कर' फार तर एवढे सांगतो की अमुक काळी, अमुक गावातून एक कुटुंब निघाले आणि ते जिथे पोहोचले तिथल्या कागदावर लिहिणारा मराठी वळणाने लिहीत होता. पेशव्यांच्या, कोल्हापूरच्या आणि पटवर्धनांच्या दप्तरांमुळे मोडीत लिहिणारे कारकून कानडी मुलखातही खोलवर होते. त्यामुळे आडनावातून लिहिणाऱ्याची भाषा कळते, धारण करणाऱ्याची कळेलच असे नाही.

१ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक शासनाने बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी केले. पाट्या बदलल्या, शासकीय शिक्के बदलले. बेळगावकर आडनावाची माणसे मात्र पुण्यात, मुंबईत, हुबळीत, गोव्यात बेळगावकरच राहिली, कारण आडनाव बदलायचे तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते, आणि त्या खटपटीत कोणी पडले नाही.